हेल्प टू बाय कर्ज फेडताय? आधी घराचं मूल्यांकन समजून घ्या

रत्नागिरी-रायगडकडची अनेक मुस्लिम कुटुंबं कित्येक दशकांपासून इंग्लंडमध्ये राहतात. लंडन, बर्मिंगहॅमसारख्या शहरांत तिसरी पिढी नोकरीला लागली आहे. यातल्या काही तरुण जोडप्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत नवं घर घेताना तिथल्या सरकारच्या ‘हेल्प टू बाय’ योजनेचं इक्विटी लोन घेतलं. आता ते कर्ज फेडायची वेळ आली आहे, आणि फेडण्याआधी घराचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. मुलं तिकडून फोनवर विचारतात, अम्मी-अब्बा इकडून पैशाची जुळवाजुळव करतात, आणि नक्की किती रक्कम लागणार हे दोन्हीकडे कुणालाच नीट ठाऊक नसतं. म्हणून हा विषय आम्ही इथे एकत्र मांडत आहोत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. या कर्जात तुम्ही जेवढे पौंड घेतले तेवढे परत करायचे नसतात. घराच्या किमतीचा जेवढा हिस्सा सरकारने दिला, तेवढाच हिस्सा आजच्या किमतीने परत करायचा असतो. त्यामुळे मूल्यांकनाचा कागद हीच या व्यवहाराची किल्ली आहे.

योजना काय होती

ही योजना इंग्लंडमध्ये एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाली. वेल्स आणि स्कॉटलंडच्या योजना वेगळ्या होत्या, त्यांचे नियम इथे लागू होत नाहीत. इंग्लंडमध्ये कर्ज देणारी सरकारी संस्था म्हणजे होम्स इंग्लंड. योजना फक्त नव्या बांधलेल्या घरांसाठी होती. खरेदीदाराने किमान ५ टक्के स्वतःचे घालायचे, सरकार २० टक्क्यांपर्यंत द्यायचं, आणि उरलेल्या रकमेचं बँकेकडून मॉर्गेज घ्यायचं. लंडनमध्ये घरं फार महाग, म्हणून २०१६ पासून तिथे सरकारचा हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत वाढवला गेला. पहिल्या योजनेत घराच्या किमतीची मर्यादा ६ लाख पौंड होती.

एप्रिल २०२१ पासून योजनेचं दुसरं रूप आलं. ते फक्त पहिलं घर घेणाऱ्यांसाठी होतं आणि प्रत्येक विभागाची किंमत-मर्यादा वेगळी होती. ३१ ऑक्टोबर २०२२ ला नवे अर्ज घेणं थांबलं आणि २०२३ मध्ये योजना बंद झाली. म्हणजे आज हे कर्ज कुणाला नव्याने मिळत नाही. आता फक्त फेडणारे उरले आहेत.

आपल्याकडे प्रधानमंत्री आवास योजनेत व्याजावर सबसिडी मिळाली, तसा हा प्रकार नाही. तिथे अनुदान होतं, इथे सरकारने पैसे लावले आणि घरावर आपला बोजा नोंदवला. आणखी एक फरक ध्यानात ठेवा. घर पूर्णपणे तुमच्याच नावावर असतं. सरकार घराचं भागीदार-मालक नाही, ते कर्ज देणारंच आहे. फक्त कर्जाची रक्कम घराच्या किमतीबरोबर वर-खाली होते.

पाच वर्षं सुटीची, सहावं वर्ष सूदाचं

पहिली पाच वर्षं या कर्जावर व्याज लागत नाही. महिन्याला १ पौंड व्यवस्थापन शुल्क तेवढं द्यावं लागतं. सहाव्या वर्षापासून मूळ कर्जाच्या रकमेवर १.७५ टक्के दराने व्याज सुरू होतं. हा दर पुढे दरवर्षी वाढतो. पहिल्या योजनेत किरकोळ किमतींचा निर्देशांक म्हणजे आरपीआय, अधिक १ टक्का या प्रमाणात. दुसऱ्या योजनेत ग्राहक किंमत निर्देशांक म्हणजे सीपीआय, अधिक २ टक्के या प्रमाणात.

इथे पुष्कळ जण गोंधळतात. ‘आरपीआय अधिक १’ म्हणजे तेवढं व्याज नव्हे. व्याजाचा दर त्या प्रमाणात वाढतो. उदाहरणासाठी आरपीआय ५ टक्के धरा. मग वाढ ६ टक्क्यांची. १.७५ चे ६ टक्के वाढवले की दर होतो १.८५५ टक्के.

आणि दुसरी महत्त्वाची गोष्ट: तुम्ही दरमहा जे व्याज भरता त्याने मूळ कर्ज एका पौंडानेही कमी होत नाही. दहा वर्षं व्याज भरलं तरी २० टक्के हिस्सा जसाच्या तसा उभा असतो.

आपल्या घरांमध्ये सहाव्या वर्षाची चिंता म्हणूनच जास्त आहे. पाच वर्षं बिनव्याजी गेली म्हणून मनाला समाधान असतं, पुढे सूद सुरू होणार हे डोळ्यांसमोर दिसतं. या कर्जाबद्दल उलमांची मतं एकसारखी नाहीत. आम्ही मास्तर माणसं, मुफ्ती नाही, म्हणून त्यावर निर्णय देणार नाही. आपल्या विश्वासातल्या आलिमांना करारपत्र दाखवून विचारावं. पण ज्यांनी पाच वर्षांच्या आत मोकळं व्हायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी वेळेचा हिशेब फार महत्त्वाचा आहे. २०२१ ते २०२३ या काळात घर घेतलेल्यांची पाच वर्षं २०२६ ते २०२८ च्या दरम्यान पूर्ण होतात. मूल्यांकन, अर्ज, पैसे, सॉलिसिटर या सगळ्याला मिळून काही महिने जातात. पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. सहा-सात महिने आधी कामाला लागा.

शाळेतलं शतमान, लाखमोलाचं

सातवीच्या वर्गात शिकवतो तसं एक उदाहरण घेऊ. घर घेतलं २,५०,००० पौंडांना.

स्वतःचे ५ टक्के: १२,५०० पौंड.
सरकारचे २० टक्के: ५०,००० पौंड.
बँकेचं मॉर्गेज ७५ टक्के: १,८७,५०० पौंड.

आता फेडताना घराची किंमत ३,००,००० पौंड ठरली, तर सरकारला द्यायचे तिचे २० टक्के, म्हणजे ६०,००० पौंड. किंमत २,३०,००० वर आली असेल, तर ४६,००० पौंड. पहिल्या वेळी दहा हजार जास्त, दुसऱ्या वेळी चार हजार कमी. घेतलेले मात्र दोन्ही वेळा पन्नास हजारच.

सहाव्या वर्षाचं व्याज मात्र मूळ ५०,००० वर मोजतात: १.७५ टक्के म्हणजे वर्षाला ८७५ पौंड, महिन्याला सुमारे ७३ पौंड.

यावरून एक सोपा नियम ध्यानात ठेवा. २० टक्क्यांच्या कर्जात मूल्यांकन १०,००० पौंडांनी वर गेलं तर तुमची फेड २,००० पौंडांनी वाढते. लंडनच्या ४० टक्क्यांच्या कर्जात तीच फेड ४,००० पौंडांनी वाढते. अहवालातल्या एका आकड्याला किती वजन आहे, ते इथे समजतं.

मूल्यांकन कधी लागतं

चार प्रसंगी. एक, पूर्ण कर्ज फेडताना. दोन, कर्जाचा काही भाग फेडताना. तिकडे याला ‘स्टेअरकेसिंग’ म्हणतात, म्हणजे पायरी-पायरीने. तीन, घर विकताना. चार, मॉर्गेजची मुदत किंवा २५ वर्षं संपून कर्ज परत द्यायची वेळ येते तेव्हा.

भाग फेडायचा असेल तर हवी तेवढी छोटी रक्कम चालत नाही. किमान किती भाग फेडता येईल हे तुमच्या करारात लिहिलेलं आहे, आणि दोन्ही योजनांचे करार वेगळे आहेत. आपला करार आधी काढून वाचा. वरच्या उदाहरणात किंमत ३,००,००० असताना निम्मा हिस्सा फेडला, तर ३०,००० पौंड जातील आणि १० टक्के हिस्सा उरेल. तो उरलेला हिस्सा पुढे फेडताना पुन्हा नवं मूल्यांकन, पुन्हा खर्च. म्हणून दोन-तीन तुकड्यांत फेडायचं की थोडं थांबून एकदम, याचा विचार हा खर्च धरून करावा.

कुणाचं मूल्यांकन चालतं, कुणाचं नाही

महाराष्ट्रात घराची किंमत म्हटलं की आपल्याला रेडी रेकनर आठवतो. इंग्लंडमध्ये या कामासाठी तसा सरकारी दरतक्ता नाही. प्रत्यक्ष घर पाहून, आसपासच्या विक्रीशी तुलना करून व्हॅल्युअरने किंमत लिहून द्यायची असते. हा व्हॅल्युअर आरआयसीएस म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स या संस्थेकडे नोंदलेला असावा लागतो. त्याच्या नावापुढे एमआरआयसीएस किंवा एफआरआयसीएस अशी अक्षरं असतात. संस्थेच्या संकेतस्थळावर नाव शोधून खात्री करता येते.

हे चालत नाही:

– इस्टेट एजंटने फुकट सांगितलेला अंदाज. तो घर विकायला मिळावं म्हणून सांगितलेला असतो.
– इंटरनेटवरच्या मालमत्ता-संकेतस्थळांनी दाखवलेली किंमत.
– बँकेने मॉर्गेजसाठी करून घेतलेलं मूल्यांकन. ते बँकेच्या कामासाठी असतं.
– घरातल्या दोष-दुरुस्त्या तपासणारा साधा सर्व्हे, ज्यात बाजारभाव लिहिलेला नसतो.
– नात्यातल्या किंवा व्यवहारात हितसंबंध असलेल्या माणसाने दिलेला अहवाल, मग तो कितीही शिकलेला असो. चाचांचा मुलगा सर्व्हेअर आहे म्हणून काम सोपं होत नाही, उलट अहवाल नाकारला जाऊ शकतो.

व्हॅल्युअरला फोन करतानाच स्पष्ट सांगा: ‘हेल्प टू बाय इक्विटी लोन फेडण्यासाठी मूल्यांकन हवं आहे.’ या कामाची ठरावीक पद्धत असते आणि ती माहीत असलेले व्हॅल्युअर पुष्कळ आहेत. दोन-तीन ठिकाणी फी विचारा. फी तुमच्याच खिशातून जाते. अहवाल किती दिवसांत मिळेल, आणि मुदत संपल्यास वाढीव पत्राला किती पैसे लागतील, हेही तेव्हाच विचारून घ्या.

घर पाहायला येतात त्या दिवशी

व्हॅल्युअर घराच्या आत येऊन पाहतो. बाहेरून फोटो काढून केलेलं काम चालत नाही. त्याला सगळ्या खोल्या दाखवा. हे कागद हाताशी ठेवा:

१. खरेदीची तारीख आणि किंमत दाखवणारी कागदपत्रं.
२. घराचा नकाशा आणि क्षेत्रफळ.
३. फ्लॅट लीजवर असेल तर लीजची किती वर्षं उरली, ग्राउंड रेंट किती, सर्व्हिस चार्ज किती.
४. घरात काही मोठा बदल केला असेल, खोली वाढवली असेल, तर त्याची परवानगी आणि खर्चाचे कागद.
५. फ्लॅट मोठ्या इमारतीत असेल तर बाहेरच्या भिंतींचा ईडब्ल्यूएस-१ फॉर्म, असल्यास.

चौथ्या मुद्द्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. या कर्जाच्या घरात मोठा बदल करायचा तर आधी परवानगी लागते. पोटमाळ्याची खोली केली, मागे वाढवलं, तर ते लपवू नका. व्हॅल्युअरला यादी द्या आणि सुधारणेमुळे वाढलेली किंमत या हिशेबात कशी धरायची हे कर्जखातं सांभाळणाऱ्या संस्थेकडून लेखी विचारून घ्या. स्वतःच्या पैशाने केलेल्या कामाचा सरकारला हिस्सा जातो की नाही, हा हजारो पौंडांचा प्रश्न असू शकतो.

पाचव्या मुद्द्याचं कारण आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं होतं. जून २०१७ मध्ये, रमजानच्या महिन्यात, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ माणसं गेली. त्यात मुस्लिम कुटुंबं पुष्कळ होती. बाहेरच्या भिंतीवरच्या ज्वलनशील आवरणामुळे आग पसरली होती. त्यानंतर इमारतींच्या आवरणाची तपासणी सुरू झाली आणि २०१९ च्या अखेरीस ईडब्ल्यूएस-१ हा फॉर्म आला. ज्या इमारतींच्या आवरणाचा प्रश्न सुटलेला नाही, तिथे बँका कर्ज द्यायला कचरतात आणि किंमत ठरवणंही अवघड होतं. अशा इमारतीत तुमचा फ्लॅट असेल तर व्हॅल्युअरची फी भरण्याआधी कर्जखात्याच्या संस्थेला पत्र लिहून पुढे काय करायचं ते विचारा.

अहवाल हातात आल्यावर काय तपासाल

कागद तसाच पुढे पाठवू नका. एकदा वाचा.

– कंपनीच्या लेटरहेडवर आहे का, आणि नोंदणीकृत व्हॅल्युअरची सही आहे का?
– तुमचं नाव, घराचा पूर्ण पत्ता आणि पाहणीची तारीख बरोबर आहे का?
– किंमत एका ठाम आकड्यात आहे का? ‘२,८०,००० ते ३,००,०००’ असं लिहिलेलं चालत नाही.
– तुलनेसाठी किमान तीन घरं दिली आहेत का? ती तुमच्या घरासारखीच असावीत: प्रकार, आकार, वय जुळणारं. साधारण दोन मैलांच्या आत असावीत, आणि ती प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत दिलेली असावी. विक्रीला लावलेली मागणीची किंमत म्हणजे विक्री नव्हे.
– खोल्या, मजला, पार्किंग यांची माहिती बरोबर आहे का? दोन बेडरूमचे तीन झाले तर आकडा बदलतो.

आकडा जास्त वाटला तर काय? इंग्लंडच्या लँड रजिस्ट्रीकडे घरांच्या प्रत्यक्ष विक्री किमती सर्वांना पाहायला खुल्या असतात. आपल्या गल्लीत, आपल्या पिनकोडमध्ये गेल्या वर्षभरात काय विकलं गेलं ते पाहा. अहवालात सुटलेली, आपल्या घराशी जास्त जुळणारी विक्री सापडली, तर व्हॅल्युअरला आदबीने पत्र लिहून ती दाखवा. तो योग्य वाटल्यास विचार करेल. तरी तक्रार राहिली तर आरआयसीएसच्या नियमांखालच्या प्रत्येक कंपनीला तक्रार निवारणाची पद्धत ठेवावीच लागते, ती वापरा.

एक गोष्ट मात्र इथेच सांगतो. नव्या घराची पहिली किंमत नेहमी थोडी चढी असते. कोरं घर, बिल्डरच्या सवलती, हे सगळं त्यात आलेलं असतं. चार-पाच वर्षांनी ते घर जुन्या घरांच्या रांगेत येतं. म्हणून काही वेळा मूल्यांकन अपेक्षेपेक्षा कमी येतं, आणि त्यात व्हॅल्युअरने काही गैर केलेलं नसतं.

तीन महिन्यांची मुदत

मूल्यांकनाचा अहवाल तीन महिने चालतो. या तीन महिन्यांत पैसे पोचून व्यवहार पुरा व्हायला हवा. नुसता अर्ज टाकून भागत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पैशाची व्यवस्था पक्की झाल्याशिवाय मूल्यांकन करू नका. नव्या मॉर्गेजमधून पैसे काढायचे असतील तर बँकेशी आधी बोला. सॉलिसिटर आधी ठरवा. मग मूल्यांकन. मुदत संपत आली आणि काम अडलं, तर संपायच्या आधीच त्याच व्हॅल्युअरला मुदतवाढीच्या पत्रासाठी विचारा. वेळ हातची गेली की पुन्हा नवा अहवाल, पुन्हा पूर्ण फी, आणि मधल्या काळात भाव चढला असेल तर फेडही जास्त.

पुढच्या पायऱ्या

१. अहवाल, अर्ज आणि प्रशासकीय शुल्क कर्जखातं सांभाळणाऱ्या संस्थेकडे पाठवा. तिचं नाव-पत्ता तुमच्या ताज्या वार्षिक पत्रावर असतं. जुन्या पत्रावरचं नाव बदललेलं असू शकतं.
२. थकलेलं व्याज किंवा शुल्क असेल तर ते आधी भरावं लागतं.
३. संस्था तुम्हाला आणि सॉलिसिटरला फेडीची नेमकी रक्कम आणि मंजुरी कळवते.
४. सॉलिसिटर पैसे पोचवतो.
५. पूर्ण फेड झाली की लँड रजिस्ट्रीतला सरकारचा बोजा काढला जातो.

पाचवी पायरी विसरू नका. आपल्याकडे सोसायटीचं कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा उतरवला नाही तर पुढे मुलांना त्रास होतो. तिथेही तसंच. काही आठवड्यांनी लँड रजिस्ट्रीतून आपल्या घराची नोंद काढून बघा, बोजा गेला का ते डोळ्यांनी पाहा, आणि तो कागद जपून ठेवा.

बँकेचं आणि इस्लामी बँकेचं मूल्यांकन

पुष्कळ जण नवं मॉर्गेज घेऊन सरकारी हिस्सा फेडतात. सूदी मॉर्गेज नको असलेले काही जण इस्लामी बँकांच्या होम परचेस प्लॅनचा विचार करतात. तो घटती भागीदारी, म्हणजे मुशारका मुतनाकिसा, या तत्त्वावर असतो. दोन्हीकडे बँक स्वतःचं मूल्यांकन वेगळं करते.

इथे अडचण अशी होते. समजा होम्स इंग्लंडसाठीच्या अहवालात घर ३,००,००० चं ठरलं, तर फेड ६०,००० ची. पण बँकेच्या व्हॅल्युअरने २,८५,००० लिहिले, तर बँक त्या हिशेबाने कमी पैसे देईल. मधली रक्कम तुम्हालाच घालावी लागेल. म्हणून काही हजार पौंड हाताशी जास्त ठेवून मगच पुढे जा.

इकडून पैसे पाठवताना

अब्बांनी वाडी विकली, अम्मीने दागिने दिले, भाईजानने आखातातून मदत केली, असं बऱ्याच घरांत होतं. भारतातून पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. ठरावीक रकमेच्या वर टीसीएस कापला जातो, तो नंतर आयकर विवरणपत्रात जमा धरता येतो. आपल्या सीएला आधी विचारा. हवालाचा रस्ता अजिबात नको. कायद्याने गुन्हा तर आहेच, शिवाय तिकडचा सॉलिसिटर पैसा कुठून आला याचा पुरावा मागतो, आणि पुरावा नसला की व्यवहार तिथेच थांबतो. जमीन विकल्याचं खरेदीखत, बँकेचे उतारे, सगळं जपून ठेवा.

बँक विचारते: हे पैसे भेट आहेत की उसने? जे असेल ते खरं सांगा. कर्ज असताना भेट म्हणून लिहून देणं म्हणजे खोटी साक्ष झाली. आणि घरातल्या घरात कर्जे हसना दिलं असेल तरी ते कागदावर लिहा, साक्षीदार ठेवा. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत कर्ज लिहून ठेवायचा हुकूम आहे, आणि त्यात सख्ख्या भावांना सूट दिलेली नाही.

फेडीसाठी साठवलेल्या रकमेवर वर्ष उलटलं असेल तर जकातीचा प्रश्न येतो. कर्ज वजा करायचं की नाही, किती करायचं, हे आलिमांना विचारून ठरवा.

विकताना आणि वारशात

घर विकत असाल तरी मूल्यांकन लागतं. विक्रीची किंमत आणि मूल्यांकन यांत जे जास्त असेल त्यावर सरकारचा हिस्सा मोजतात. म्हणजे नातेवाइकाला स्वस्तात घर दिलं तरी सरकारी हिस्सा बाजारभावानेच जाणार.

मालक वारला तर? हे कर्ज घरावर उभं असतं, माणसाबरोबर जात नाही. शरीयतमध्येही तरका वाटण्याआधी मय्यताचं कर्ज फेडायचं असतं. म्हणून ज्या घरावर हे कर्ज आहे, तिथे पती-पत्नी दोघांनाही आणि मोठ्या मुलांनाही करार कुठे ठेवलाय, हिस्सा किती टक्के आहे, हे माहीत असलं पाहिजे. ‘घर आपलंच आहे’ असं समजून वारसदारांनी वाटणी केली आणि नंतर २० टक्क्यांचा बोजा निघाला, तर भावाभावांत वितुष्ट येतं.

आकडा आणि अमानत

मूल्यांकनाच्या कामात मोह मोठा आहे. फेडताना वाटतं किंमत कमी लिहावी, विकताना वाटतं जास्त लिहावी. एकच घर, एकच माणूस, आणि दोन तोंडं. ओळखीचा व्हॅल्युअर शोधणं, भिंतीची ओल मुद्दाम दाखवणं, वाढवलेली खोली लपवणं, असे सल्ले देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. सूदापासून सुटण्यासाठी खोट्या कागदाचा आधार घेतला, तर काय कमावलं? माप आणि तराजू यांबद्दल कुरआनात वारंवार ताकीद आली आहे. घराची किंमतही एक मापच आहे. दोषांची खरी माहिती द्या, सुधारणांची खरी माहिती द्या, खरी विक्री दाखवून आपली बाजू मांडा. हा तुमचा हक्क आहे आणि त्यात कसली लाज नाही.

आणि ज्यांना आता फेडणं जमत नाही, त्यांनी घाबरून जाऊ नये. फेडायची सक्ती पाचव्या वर्षाला नाही, फक्त व्याज सुरू होतं. हप्ते थकायला लागले तर गप्प बसू नका. संस्थेला कळवा. सिटिझन्स ॲडव्हाइस, स्टेपचेंज, मनीहेल्पर यांच्याकडे फुकट आणि खासगी सल्ला मिळतो. तंगीत असलेल्या कर्जदाराला सवड द्यावी अशी आपल्याला शिकवण आहे. घरातल्या माणसांनीही ती एकमेकांना द्यावी.

आज करायचं काम छोटंसं आहे. कपाटातून करार काढा. तीन गोष्टी एका कागदावर लिहा: हिस्सा किती टक्के, घर ताब्यात आल्याची तारीख, पाच वर्षं कधी पूर्ण होतात. तो कागद इकडच्या अम्मी-अब्बांनाही पाठवा. अल्लाह सर्वांना हलाल रोजी आणि कर्जमुक्त छप्पर नसीब करो, आमीन.